पाण्याचा नमुना वर्गात येऊ द्या

प्रति,
मा. कुलगुरू, विद्या परिषदेचे आणि सूक्ष्मजीवशास्त्र अभ्यासमंडळाचे सदस्य, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ,
तसेच अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम जिल्ह्यांतल्या शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी यांस,



मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. होणाऱ्या मुलीने तीन वर्षांत स्वतःच्या हाताने किती वेळा ग्रॅम स्टेनिंग केलेले असते? वेगवेगळ्या महाविद्यालयांत एक्स्टर्नल परीक्षक म्हणून जायची तेव्हा तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी नेहमी विचारायची. उत्तर देण्याआधी बऱ्याच मुली आपल्या सरांच्या चेहऱ्याकडे बघायच्या. काही जणी प्रामाणिकपणे सांगायच्या, "मॅडम, सरांनी करून दाखवलं होतं."

मी याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आणि पुढे याच विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयात शिक्षिका. आता निवृत्त आहे. हे पत्र कुणा एका महाविद्यालयाविरुद्ध नाही, म्हणून कुणाचे नाव घेत नाही. मागणे एका वाक्यात सांगता येईल: आपल्या पाच जिल्ह्यांतले पाणी आणि माती मायक्रोबायोलॉजीच्या प्रात्यक्षिकाच्या टेबलावर आणा, आणि ते टेबल खरोखर काम करण्याजोगे करा. बाकीचे पत्र हे का आणि कसे, यासाठी आहे.

ग्रॅम स्टेनिंगपासूनच सुरुवात करते, कारण सगळी गोष्ट त्यात येते. काचपट्टीवर जंतूंचा पातळ थर, मग क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन. अल्कोहोल काही क्षण जास्त राहिले तर जांभळे दिसायला हवे ते जंतू गुलाबी दिसतात. थर जाड झाला तर काहीच धड दिसत नाही. ज्वालेवर पट्टी जास्त तापली तर पेशींचा आकारच बिघडतो. पुस्तक वाचून हे येत नाही. पाच-सात पट्ट्या बिघडल्या की हात बसायला लागतो आणि मग विद्यार्थी स्वतःच म्हणतो की ही पट्टी चुकली, परत करतो. वीस मुलांच्या बॅचमध्ये ऑइल इमर्शनचे भिंग धड असलेला एकच सूक्ष्मदर्शक असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला डोळा लावण्यापुरता वेळ येतो. चुकायला वेळच नसतो, आणि जे चुकता येत नाही ते शिकताही येत नाही.

दुसरी अडचण आपल्या हवेची. ती पुण्या-मुंबईच्या अभ्यासक्रमावरून नजर फिरवून कळणार नाही. आपल्याकडे उन्हाळी सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षा एप्रिल-मेमध्ये येतात. तेव्हा अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दुपारी चाळीस-बेचाळीस सहज भरते. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. बाहेर बेचाळीस असताना तो सदतीस अंश राखू शकत नाही. म्हणजे माणसाच्या शरीरात वाढणारा जंतू ज्या तापमानाला वाढवायचा, ते तापमान आपल्या प्रयोगशाळेत ऐन परीक्षेच्या वेळी उपलब्धच नसते. अगर साधारण बत्तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान घट्ट होतो, त्यामुळे अशा खोलीत प्लेट ओतली की ती धरतच नाही. धरली तर रात्रीतून सुकून तडकते. जिलेटिनची चाचणी तर फ्रिजशिवाय वाचताच येत नाही, कारण जंतूने काही केले नाही तरी जिलेटिन आपोआप पातळ होऊन बसते.

यात एक गमतीची ऐतिहासिक गोष्ट आहे, ती मी दरवर्षी वर्गात सांगायची. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला जंतू जिलेटिनवरच वाढवत. उन्हाळ्यात ते वितळायचे. वॉल्थर हेसे नावाचा संशोधक यावर हैराण झाला होता, तेव्हा त्याची पत्नी आणि सहायिका फॅनी हेसे हिने स्वयंपाकघरातला अगर सुचवला. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच ओळखीच्या कुटुंबाकडून तिला तो माहीत झाला होता. उष्ण हवेत टिकणारा पदार्थ उष्ण प्रदेशातल्या स्वयंपाकातून आला, आणि १८८२ मध्ये कॉखने क्षयाच्या जंतूवरच्या आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला. हवामानाचा विचार करून साधन बदलणे हे या शास्त्राच्या पायातच आहे. मग वऱ्हाडातल्या प्रयोगशाळांसाठी थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर सक्तीच्या यादीत का नसावा? संलग्नता देताना जी समिती येते, तिने कपाटे मोजण्याआधी मे महिन्यात त्या खोलीत थर्मामीटर लावून पाहावा. आणि मायक्रोबायोलॉजीची उन्हाळी प्रात्यक्षिक परीक्षा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात घेता आली तर पैसाही लागणार नाही, फक्त एक परिपत्रक लागेल.

वेळापत्रकाचेही तसेच. जंतूंना तासिका कळत नाहीत. ई. कोलायला अनुकूल माध्यम मिळाले की तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याचा वाढीचा आलेख काढायचा तर दर अर्ध्या तासाला नोंद घेत सहा-आठ तास बसावे लागते. आपले प्रात्यक्षिक तीन तासांत संपते. साडेचारच्या एसटीने तेल्हाऱ्याला किंवा बार्शीटाकळीला जाणारी मुलगी त्यापुढे थांबू शकत नाही. शनिवारी ठेवलेली प्लेट रविवारी वाचायची असते आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते. मग काय होते, ते आपण सर्व जाणतो. आलेख जर्नलमध्ये येतो, तो मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. वसाहतींची संख्याही तिथूनच येते.

या नकललेल्या आकड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटते. आपल्या मुली पुढे वाळूजला, पुण्याला, तारापूरला, अंकलेश्वरला औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जातात. तिथे त्यांचे काम असते हवेच्या, पाण्याच्या, इंजेक्शनच्या नमुन्यांची प्लेट वाचून खरा आकडा लिहिणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतीय कारखान्यांना वेळोवेळी पाठवलेल्या इशारापत्रांत सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या खोट्या नोंदींचा उल्लेख आला आहे: प्लेटवर वसाहती आहेत आणि वहीत शून्य लिहिलेले. ही सवय कारखान्यात लागत नाही. ज्या जर्नलवर आपण सही करतो, ज्याच्यावर 'सर्टिफाइड' असा शिक्का मारतो, त्यात न घेतलेली नोंद लिहायला वयाच्या अठराव्या वर्षी आपणच शिकवतो. शिरेतून दिले जाणारे औषध त्या सवयीतून तयार होते. जर्नलमध्ये "प्लेटवर वाढ झाली नाही, कारण कळले नाही" असे लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळतील, असे अभ्यासमंडळाने लेखी कळवावे. एवढ्याने बरेच सुधारेल.

आता पाण्याकडे येते.

आपल्या विद्यापीठाच्या हद्दीत पाण्याची दोन टोके आहेत. एकीकडे मेळघाट, दुसरीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव या भागात जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून लोक दूरच्या धरणातून आलेल्या नळाच्या पाण्यावर अवलंबून. नळ काही दिवसांआड येतो, म्हणून पाणी टाक्यांत, रांजणांत, ड्रममध्ये साठते. साठवलेल्या पाण्यात काय वाढते, हे आमच्या विषयाच्या पहिल्याच सत्रात शिकवतात. वर मेळघाटात विहिरी उघड्या, पाऊस प्रचंड आणि वाडी-वस्त्या दूर. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला. लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. व्हिब्रिओ कॉलरी हा जंतू आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरता तोंडपाठ असतो: स्वल्पविरामासारखा आकार, टीसीबीएस माध्यमावर पिवळ्या वसाहती. ज्या जिल्ह्यात तो माणसे मारत होता त्याच जिल्ह्यातल्या वर्गांत तो शिकवला जात होता, आणि वर्ग व गाव यांच्यामध्ये एकही वाट नव्हती.

वाट काढता येते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, तो नमुने गोळा करतो. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते. गावांना स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांच्यावर भार किती असतो हे तिथल्या टेक्निशियनला विचारून पाहावे. पाण्यातल्या जंतूंची चाचणी नमुना घेतल्यापासून जितक्या लवकर होईल तितकी विश्वासार्ह. सहा तासांत झाली तर उत्तम, चोवीस तासांपलीकडे तिचा भरवसा धरता येत नाही. मेळघाटातल्या धारणीहून निघालेली बाटली सेमाडोहचा घाट उतरून, परतवाडा ओलांडून अमरावतीत पोचेपर्यंत बर्फाच्या डब्यात आहे की एसटीच्या टपावर, यावर उत्तर बदलते. मध्ये परतवाडा-अचलपूर आहे. तिथे शिकणारी मुले ती बाटली त्याआधीच हातात घेऊ शकतात.

आणि यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एच-टू-एस पट्टीची चाचणी मांडली. पेप्टोन, फेरिक अमोनियम सायट्रेट, सोडियम थायोसल्फेट आणि आणखी एक-दोन रसायने शोषलेला कागदाचा तुकडा निर्जंतुक बाटलीत. त्यात पाणी भरून ठेवायचे. विष्ठेतले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे होते. ही बाटली खेड्यातल्या बाईला दाखवली तर तिला कुठलीही संज्ञा समजावून सांगावी लागत नाही. बी.एस्सी. द्वितीय वर्षाचा वर्ग एका आठवड्यात अशा शेकडो बाटल्या स्वतः तयार करून ऑटोक्लेव्ह करू शकतो, आणि माध्यम बनवणे, निर्जंतुकीकरण, नियंत्रण नमुना ठेवणे हे सगळे त्यात शिकून होते. काळ्या झालेल्या बाटलीच्या विहिरीचा नमुना मग प्रयोगशाळेत एमपीएनने, म्हणजे जंतूंची संभाव्य संख्या काढण्याच्या पद्धतीने, तपासायचा: मॅक्कॉन्की ब्रॉथच्या नळ्या, डरहॅम नळीत वायू, ईएमबी प्लेटवर ई. कोलायची धातूसारखी हिरवी चमक. भारतीय मानक १०५०० सांगते की पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच सापडता कामा नये. तिसऱ्या वर्षाची मुलगी हे सगळे करू शकते, जर पहिल्या वर्षापासून तिचा हात चालला असेल.

आमच्याकडे कधी कधी विद्यार्थ्यांचे पालक यायचे. एका मुलीची आई तिला न्यायला आली होती, प्रयोगशाळेत प्लेटा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या इहिरीचं पानी तपासून देता काय जी?" आम्ही तपासून दिले. पण अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, गुण नव्हते, माध्यमाचा खर्च कुठे दाखवायचा हाही प्रश्न होता. ती जागा आता तयार झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत राज्य शासनाने फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना क्रेडिट दिली आहेत. ती क्रेडिट फ्लेक्सवर आणि फोटोंच्या फायलीवर खर्च होऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. मायक्रोबायोलॉजी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने आसपासची काही गावे घ्यावीत, पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर त्यांच्या प्रत्येक स्रोताचा नमुना तपासावा, निकाल ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी द्यावा. विद्यापीठाने जिल्हा परिषदांशी करार करावा, म्हणजे निकाल कपाटात पडणार नाही. सरकारी प्रयोगशाळेची जागा आम्ही घ्यावी असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्याचा निकाल ही पहिली सूचना असेल, शिक्कामोर्तब त्यांचे.

हे होऊ शकते, याचा पुरावा विद्यापीठानेच दिला आहे. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाचे नमुने नागपूरला जात आणि अहवालाची वाट बघत घरेच्या घरे अडकून पडत. त्या मे महिन्यात विद्यापीठाच्या परिसरात तपासणी प्रयोगशाळा सुरू झाली. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तपासणी होऊ लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट राज्यात सगळ्यांत आधी ज्या भागांत उठली त्यांत अमरावती आणि अकोला होते. अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांत पीपीई किट घालून आरटी-पीसीआरच्या प्लेट भरणारे हात जीवशास्त्राच्याच विभागांतून आलेले होते. त्यांच्यावर त्या वेळी विश्वास टाकला गेला. साथ संपली म्हणून तो काढून घेऊ नका.

मातीबद्दल थोडक्यात. वऱ्हाडातला प्रत्येक शेतकरी 'बीटी' म्हणतो, पण त्या सरकीच्या बियाण्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जंतूचे जनुक आहे हे त्याच्या मुलीला कॉलेजात कळते, आणि ती घरी सांगते तेव्हा बापाला ते पहिल्यांदा कळते. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतला रायझोबियम, वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बुडाशी डिंक्या रोग आणणारा फायटोफ्थोरा, बीजप्रक्रियेला वापरला जाणारा ट्रायकोडर्मा, हे सगळे आपल्या बांधावर आहे. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. दोन्ही विद्यापीठांमधले अंतर गाडीने दीड-दोन तासांचे. तरी आमच्या वर्गात रायझोबियम बहुधा तयार स्लाइडवर दिसतो. कृषी विद्यापीठात आठवडाभर राहून मुळाची गाठ ठेचून रायझोबियम वेगळा काढण्याचे प्रशिक्षण अभ्यासक्रमात घ्या.

आणि लोणार. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा देशभरातून फोन येत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या हॅलोआर्किया या मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे झाले. उत्तर पुण्याने दिले याचे दुःख नाही, ती संस्था मोठीच आहे. पण ते सरोवर बुलडाणा जिल्ह्यात आहे, आपल्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे, आणि सकाळी अकोल्याहून निघालेली बस संध्याकाळी परत येते. दहाच्या वर पीएच असलेले बेसाल्टमधले असे विवर-सरोवर जगात दुर्मीळ. ते अभयारण्य असल्याने पाणी-माती घ्यायला वनविभागाची परवानगी लागते आणि एकेका महाविद्यालयाला ती मिळवणे जड जाते. विद्यापीठाने एकदाच सर्वांसाठी वर्षातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागेवरून, ठरलेले नमुने घेण्याची परवानगी मिळवावी. दहा वर्षांत लोणारच्या सूक्ष्मजीवांची एक नोंद तयार होईल, जी आज कुणाकडे सलग नसेल, आणि ती पदवीच्या मुलांनी केलेली असेल.

शेवटी शिक्षकांविषयी लिहिणे भाग आहे, कारण वर मागितलेले काहीही त्यांच्याशिवाय होणार नाही. कितीतरी महाविद्यालयांत हा विषय विनाअनुदानित आहे किंवा पदे रिकामी आहेत, आणि तासिका तत्त्वावरची मुले-मुली तो चालवतात. नेट-सेट झालेली, काही पीएच.डी. असलेली. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही अनेकदा महिनोन्महिने उशिरा. माध्यम बनवायला, ऑटोक्लेव्ह थंड होईपर्यंत थांबायला, दुसऱ्या दिवशी प्लेट वाचायला लागणारा वेळ त्या तासात मोजला जात नाही. ज्याला एका तासाचेच पैसे मिळतात त्याने रविवारी येऊन इन्क्युबेटर उघडावा अशी अपेक्षा मला तरी करवत नाही. पदे भरणे शासनाच्या हाती आहे, हे मला माहीत आहे. पण प्रात्यक्षिकाच्या तयारीचे तास मानधनात धरण्याचा ठराव विद्या परिषद करू शकते आणि तो शासनाकडे रेटून धरू शकते. प्रयोगशाळा सहायकाचे पद रिकामे असलेल्या महाविद्यालयाला मायक्रोबायोलॉजीच्या वाढीव जागा देऊ नयेत, हा निर्णय तर पूर्णपणे आपला आहे. संस्थाचालकांनाही सांगते: या विषयाची फी आपण इतर विषयांपेक्षा जास्त घेता, ती अगर, पेप्टोन आणि काचसामानावर किती खर्च होते याचा हिशेब पालकसभेत ठेवा.

विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगे महाराज शेंडगावचे. गावात शिरले की आधी हाती खराटा घेऊन रस्ता झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. नाव त्यांचे घेतलेल्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग गावाच्या विहिरीपर्यंत जाणे मला फार स्वाभाविक वाटते.

अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर चार गोष्टी घ्याव्यात: उन्हाळी प्रात्यक्षिक परीक्षेचा महिना, न घेतलेल्या नोंदीबद्दलचा नियम, गावाच्या पाणी तपासणीला फील्ड प्रोजेक्टची क्रेडिट, आणि लोणारची एकत्रित परवानगी. यांतल्या पहिल्या दोनांना एक रुपयाही लागत नाही. पाणी तपासणीची पद्धत, माध्यमांची प्रमाणे, नोंदवहीचा नमुना आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचे नियम असा कच्चा मसुदा मी आणि माझ्या काही निवृत्त सहकाऱ्यांनी मराठीत तयार केला आहे. आपण बोलावाल त्या दिवशी तो घेऊन येऊ, आणि पहिल्या पावसाळ्यात ज्या महाविद्यालयाला हात कमी पडतील तिथे नमुने तपासायला आम्ही स्वतः टेबलावर बसू.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
अकोला